शाळेची वाट

शाळा भरण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास वरवट बकालच्या एसटी थांब्यावर घटकाभर उभे राहावे. तेवढ्या वेळात शाळेला जाण्याचे जितके म्हणून प्रकार आहेत, तितके सगळे डोळ्यांपुढून जातात. एसटी थांबते, तिच्यातून मुलींचा घोळका उतरतो. मागोमाग काळी-पिवळी येते, तिच्या मागच्या पायरीवर दोन पोरे लोंबकळत असतात. एका मोटारसायकलवर वडील, त्यांच्या पुढे-मागे तीन मुले आणि हँडलला तीन दप्तरे. पिवळी व्हॅन भोंगा वाजवीत निघून जाते. आणि रस्त्याच्या कडेने, धुळीतून, पाच-सहा पोरे पायदळ येतात. त्यांतले एखादे वाटेत सापडलेला दगड लाथाडीत थेट शाळेपर्यंत आणते.

आज ह्याच गोष्टीविषयी चार शब्द बोलायचे आहेत. एखादे मूल शाळेला पायी जाते किंवा जात नाही, हे ठरते तरी कशावरून?

कोणी म्हणेल, ह्यात विचारण्यासारखे काय आहे? शाळा जवळ असली तर पोर पायी जाईल, लांब असली तर गाडीने जाईल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु मी महाविद्यालयात शिकवतो, आणि पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींना दरसाल एक प्रश्न विचारण्याची मला सवय आहे: ‘‘बारावीपर्यंत शाळेत कसे जात होता?’’ उत्तर येते, पण ते किलोमीटरने कधी सुरू होत नाही. एक मुलगी म्हणते, ‘‘सर, आमच्या गावातून आम्ही चौघी होतो.’’ एक मुलगा सांगतो, ‘‘नाल्याले पूर आला का घरीच.’’ तिसरी म्हणते, ‘‘बाबा कामावर जाताना सोडून देत.’’ म्हणजे अंतर विचारले तर ही मुले सोबत सांगतात, पाणी सांगतात, घरच्या माणसांची कामे सांगतात. ती सांगतात तेच बरोबर आहे, असे आता माझे मत झाले आहे. शाळेची वाट पायांनी मोजली जाते खरी, पण तिच्यावर पाऊल टाकायचे की नाही, हे घरातल्या काळजीवर ठरते.

तरीही सुरुवात अंतरापासूनच करू. जगात जिथे जिथे ह्या विषयाचा अभ्यास झाला, तिथे अंतर हे सर्वांत मोठे कारण ठरले आहे. सात-आठ वर्षांचे मूल रमत-गमत चालले तर एका किलोमीटरला पंधरा ते वीस मिनिटे घेते. तीन किलोमीटर म्हणजे जवळजवळ तास, आणि जाऊन-येऊन दोन तास. त्यात पाठीवर दप्तर. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितले आहे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. आपल्या घरचे दप्तर एकदा तराजूत घालून पाहावे.

कायद्यानेही अंतराचा विचार केलेला आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखाली महाराष्ट्राने २०११ साली नियम केले. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यांत ठरले. परंतु हा कायदा आठवीपाशी, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षाशी थांबतो. नववी-दहावीची शाळा किती लांब असावी, ह्याला तसे बंधन नाही. आणि आपल्या खेड्यापाड्यांत नेमकी तिथेच वाट लांब होते. गावची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत. हायस्कूल मोठ्या गावी. म्हणजे मूल ज्या वयाला येते, विशेषतः मुलगी ज्या वयाला येते, की घरच्यांची काळजी वाढावी, त्याच वयाला शाळाही दूर जाते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. नकाशावरचे दोन किलोमीटर आणि श्रावणातले दोन किलोमीटर ह्यांत फार फरक आहे, हे आपणा वऱ्हाडच्या माणसांना सांगायला नको. आपला हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला, काळ्या भारी जमिनीचा, खारपाणपट्ट्याचा. पाऊस पडला की पांदणीतला गारा पायाला असा चिकटतो, की दहा पावलांत चपलेचा दगड होतो. मग चपला हातात घ्यायच्या आणि काट्यांना भीत अनवाणी चालायचे. उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिकडे डोंगरात पाऊस झाला की इकडे ऊन पडलेले असतानाही नाल्याला लोंढा येतो. सकाळी मूल कोरड्या नाल्यातून शाळेत गेले, आणि संध्याकाळी परतताना रपट्यावरून कमरेइतके पाणी वाहते आहे, असे होऊ शकते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली, ती तर मोठ्यांनाही विसरता येण्यासारखी नाही. अशा वेळी आईने सकाळीच ढगांकडे पाहून ‘‘आज नको जाऊस’’ म्हटले, तर तिला अडाणी कोण म्हणेल?

पावसाळा संपला की वाट सुकते, आणि मार्च लागला की ती तापते. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि उन्हाळ्यात सकाळच्या भरतात, त्याचे कारण ही तापलेली वाटच आहे. सकाळची शाळा सुटते तेव्हाही मुलाला उन्हातूनच यावे लागते. वाटेत एखादे लिंबाचे झाड असले तर मुले तिथे थांबतात, आणि नसले तर पळत सुटतात. एका झाडाने शाळेची वाट किती सुसह्य होते, हे वर्गात बसून कळत नाही.

आता तिसरी गोष्ट सांगतो. ती माझ्या घरची आहे.

आमचे गाव लहान, शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल चार किलोमीटरवरच्या गावी. १९८९ साली माझी थोरली बहीण सातवी पास झाली. गावातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर पास झाल्या, आणि आठवीला तिघी मिळून पायदळ जाऊ लागल्या. हसत-खिदळत जायच्या, त्यांना पाहून आम्हां लहानांना हेवा वाटायचा. आषाढ-श्रावणातला सगळा चिखल त्या तिघींनी तुडवला. पण पुढे एकीला मामाने शिकायला खामगावला नेले. दुसरी तापाने आजारी पडली, बरी झाली, पण घरकामातच राहिली. पोळ्यानंतर ताई एकटी उरली.

तेव्हा आमच्याकडे सोयाबीन नव्हते. दोन्ही बाजूंना ज्वारी, भाद्रपदात पुरुषभर वाढलेली. धुऱ्यावरून चालणारे माणूस दहा हातांवरून दिसायचे नाही. वडील म्हणाले, ‘‘पोरीले येकटी कशी धाडू? ज्वारी निघू दे, मंग पाहू.’’ त्यांच्या बोलण्यात शाळेचा तिरस्कार नव्हता, काळजी होती. ज्वारी निघाली. तोवर ताईची सहामाही परीक्षा बुडाली होती. मग कापसाची वेचणी लागली, घरात दोन हात हवेच होते. ‘‘आता पुढच्या वर्षी’’ असे म्हणता म्हणता ते पुढचे वर्ष आलेच नाही.

काही वर्षांनी त्याच वाटेने मी हायस्कूलला गेलो. कधी मित्रांबरोबर, कधी एकटा. ज्वारी माझ्याही डोक्यावरून जात होती, पण मला कोणी अडवले नाही. अंतर तेच चार किलोमीटर, चिखल तोच, नाला तोच. पाय ताईचे माझ्यापेक्षा चपळ होते. तिची शाळा थांबली ती सोबत सुटली म्हणून.

शाळेतले शिक्षक तेव्हा काय करीत होते, असे कोणी विचारील. त्यांनी हजेरीपटावर काही दिवस ‘गैरहजर’ लिहिले, आणि नंतर नाव कमी केले. वाटेवर काय झाले हे हजेरीपटाला दिसत नाही.

आज पीक बदलले. ज्वारी कमी झाली, सोयाबीन गुडघ्या-मांडीएवढे, त्यामुळे शिवार उघडे झाले. परंतु मुलीच्या वाटेची काळजी गेली नाही, तिने रूप बदलले. आता मोटारसायकलवरून जाता-येता शेरे मारणारी टवाळ पोरे आहेत, फाट्यावर बसणारी रिकामी मंडळी आहेत. आणि एक लक्षात घ्या. अशी एखादी गोष्ट घडली तर मुलगी ती घरी सांगत नाही. कारण सांगितले तर टवाळखोरांचे काही बिघडणार नाही, आपलीच शाळा बंद होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. मुलीच्या तक्रारीची शिक्षा मुलीलाच होणार नाही, एवढी खात्री घराने आणि शाळेने तिला दिली पाहिजे.

सोबतीशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे, ती म्हणजे घरची कामे. माय निंदणाला किंवा वेचणीला लवकर जाते. मग पाणी भरणे, भाकरी, धाकट्याला अंगणवाडीत पोहोचवणे हे थोरल्या मुलीकडे येते. दहा मिनिटे उशीर झाला की मैत्रिणी पुढे निघून जातात. एकटीने जायचे नाही, असा घरचा नियम. म्हणजे दहा मिनिटांच्या उशिराने अख्खा दिवस बुडतो. गुरुजींना दिसते ते एवढेच, की मुलगी अनियमित आहे.

इथवर आपण लांबच्या मुलांविषयी बोललो. आता जवळच्यांकडे वळू. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर राहणारी किती मुले आज पायी जातात? त्यांतली बरीच मोटारसायकलवरून किंवा व्हॅनमधून जातात. ह्याची कारणे निराळी आहेत. एक तर शाळा निवडण्याची पद्धत बदलली. गल्लीतली जिल्हा परिषदेची शाळा सोडून मूल दूरच्या इंग्रजी शाळेत घातले, की पायी जाण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरे, घरात गाडी आहे आणि वडिलांना त्याच बाजूला जायचे आहे. तिसरे म्हणजे प्रतिष्ठा. दारात पिवळी व्हॅन उभी राहिली तर शेजारी पाहतात, आणि पोर पायदळ निघाले तर ‘‘ह्यांच्याकडे गाडी नाही वाटते’’ असे होते.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९६९ साली शाळकरी मुलांपैकी जवळजवळ निम्मी पायी किंवा सायकलीने शाळेत जात. २००९ साली हे प्रमाण शेकडा १३ वर आले. तिथे शाळा मोठ्या व दूर झाल्या, घरोघर मोटारी आल्या, रस्त्यांवर वर्दळ वाढली, आणि वर्दळ वाढली म्हणून आणखी आई-बापांनी मुलांना मोटारीत घातले. ही एक गंमतच आहे. रस्ता धोक्याचा आहे म्हणून मी मुलाला गाडीवर सोडतो, आणि शाळेच्या फाटकाशी माझीच गाडी दुसऱ्याच्या पायी येणाऱ्या मुलाचा धोका होते. आपल्या तालुक्यातही रस्ते सुधारले, ते व्हायलाच हवे होते. परंतु डांबर किंवा सिमेंट पसरताना बाजूला पायी चालणाऱ्यासाठी दोन हात जागा पुष्कळ ठिकाणी राहिली नाही. गाड्यांचा वेग वाढला आणि पायवाट हरवली.

जपानमध्ये मात्र प्राथमिक शाळेची बहुतेक मुले आजही पायी जातात. पुष्कळ ठिकाणी वस्तीतली मुले ठरलेल्या जागी जमतात, मोठ्या इयत्तेचे मूल पुढे, लहान मुले मध्ये, अशी रांगेने जातात. ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंगविक्ट ह्यांनी १९९० च्या सुमारास अशीच एक कल्पना मांडली. एखादे मोठे माणूस ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी निघते, आणि घरोघरची मुले त्याला येऊन मिळतात. तिला ‘चालती शाळाबस’ असे नाव पडले, आणि ती पुढे अनेक देशांत गेली.

आपल्याला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरसाल पायी पंढरपूरला जाते. शेकडो किलोमीटरची वाट, त्यात म्हातारीकोतारी माणसे. ती चालू शकतात, कारण बरोबर दिंडी असते, मुक्काम ठरलेला असतो, आणि वाटेवरची गावे त्यांची वाट पाहत असतात. पायी चालण्याला आपण इतका मान देतो, मग शाळेला पायी जाणाऱ्या पोराला गरीब बिचारे का म्हणावे? डॉक्टरही सांगतात की वाढत्या मुलाने रोज सरासरी तासभर तरी अंगाला मेहनत होईल असे हालले-खेळले पाहिजे. एक-दीड किलोमीटरची चांगली वाट आणि दोन सोबती असले, तर त्यातला बराच भाग फुकट पदरात पडतो.

पण हीच गोष्ट चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या मुलाला सांगू नये. त्याचे चालणे व्यायामाचे नसून नाइलाजाचे आहे. जवळच्या मुलाला चालता यावे आणि लांबच्या मुलावर चालण्याची पाळी येऊ नये, अशा दोन्ही बाजू सांभाळायला हव्यात.

लांबच्या वाटेवर काय उपयोगी पडते, ह्याचा अनुभव आपल्याजवळ आहे. एसटीने विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत दिली, आणि अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना मोफत पास मिळाले. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या आल्या, आणि पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. ह्या बसचे मोल किती, हे तिच्या नसण्यानेच कळले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. करोनाने बंद पडलेल्या शाळा नुकत्या उघडत होत्या, आणि मुलींची बस उभी. ज्यांच्या घरी मोटारसायकल होती त्यांचे निभावले. बाकीच्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

सायकलीविषयी बिहारचा दाखला सांगण्यासारखा आहे. तिथल्या सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने वाढले, आणि मुलगे व मुली ह्यांच्यातली तफावत शेकडा ४० ने कमी झाली. ज्या गावांपासून हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होते, तिथे हा फरक अधिक दिसला. सायकलीने वेळ वाचला हे खरे, परंतु एकाच वेळी गावातल्या सगळ्या मुलींना सायकल मिळाली, म्हणून त्या घोळक्याने निघू लागल्या, हेही तितकेच खरे. चाकाबरोबर सोबतही मिळाली.

म्हणूनच शाळा दूर नेण्याचा प्रश्न येतो, तेव्हा फार जपून पाऊल टाकावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याने कमी पटाच्या १३१४ शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, सोबती अधिक, हा मुद्दा खोटा नाही. पण कागदावर दोन शाळांमध्ये दीड किलोमीटर दिसते, आणि मध्ये नाला असतो. तो नाला आषाढात पाहिल्याशिवाय असे अंतर ठरवू नये.

हे झाले सरकारचे. गावाला आणि शाळेला स्वतःहून काय करता येईल? खर्चाच्या नव्हेत अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट शिक्षक मित्रांसाठी. जुलैत एक दिवस शाळा सुटल्यावर सर्वांत लांबच्या मुलांबरोबर त्यांच्या घरापर्यंत चालत जा. रपटा कुठे आहे, कुत्री कुठे अंगावर येतात, कोणत्या वळणावर गाड्या जोरात येतात, हे मुले स्वतःच दाखवतील. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या वाटेचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. भूगोलाचा तास त्याहून चांगला होणार नाही, आणि तो नकाशा ग्रामसभेत ठेवता येईल.

दुसरी, जोड्या लावा. कोणते मूल कोणाबरोबर येते, हे शाळेच्या वहीत लिहिलेले असावे. एखादीची सोबत सुटली की त्याच आठवड्यात दुसरी सोबत पाहावी. आमच्या ताईच्या वेळी एवढी एक वही असती, तर दुसऱ्या वस्तीतल्या मुलींशी तिची गाठ घालून देता आली असती.

तिसरी, वेळा जुळवा. बस साडेनवाला येते आणि शाळा दहाला सुटलेल्या बसची वाट पाहते, किंवा संध्याकाळची बस शाळा सुटण्याआधीच निघून जाते, असे होते. ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती ह्यांनी मिळून आगाराकडे लेखी मागणी केली, तर ती अधिक वजनाची ठरते. एकट्या बापाचा अर्ज सहज बाजूला पडतो.

चौथी, पालकांसाठी. शाळा किलोमीटरच्या आत असेल, तर मुलाला गाडीवर नेण्याआधी शेजारची दोन मुले हाका मारून गोळा करा आणि चार दिवस त्यांच्याबरोबर चाला. पाचव्या दिवशी तुमची गरज राहणार नाही. गाडीवर सोडलेच पाहिजे असे असेल, तर फाटकापासून शंभर पावले अलीकडे उतरवा, म्हणजे पायी येणाऱ्यांची वाट मोकळी राहील.

ताई आज स्वतः शेती पाहते. मागे एकदा तिच्या मुलीची सायकल पंक्चर झाली. बारावीचे वर्ष होते. ताईने तिला घरी बसवले नाही. ती शेजारच्या दोन घरी गेली, तिथल्या मुलींना सांगून आली, आणि त्या दिवशी तिघी सायकली हातात धरून पायदळ निघाल्या. मी तिथेच होतो. मुली वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत ताई दारात उभी होती. मग ती म्हणाली, ‘‘तिघी हायेत ना, मंग काही नाही.’’ आणि विळा घेऊन शेताकडे गेली.